यीस्टचा त्रास परत परत होतो. इडली-दही सोडायचं, की गुळाचा चहा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. वय ३९, अंगणवाडीत काम, दोन मुलं. गेल्या वर्षभरात चार वेळा खाली खाज सुटली, जळजळ झाली, फुटलेल्या दह्यासारखं पांढरं गेलं. दर वेळी मेडिकलमधून गोळी आणली, आठवडाभर बरं वाटलं, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मग कुणीतरी सांगितलं की हा यीस्टचा, म्हणजे बुरशीचा आजार आहे, म्हणून आंबवलेलं सगळं बंद करा. त्यांनी इडली, डोसा, दही, ताक, पाव सोडलं, पावसाळ्यात शेजारणीने आणून दिलेली अळंबीही परत केली. साखर बंद करून गुळाचा चहा सुरू केला. तीन महिन्यांत चार किलो वजन उतरलं, तहान मात्र वाढली आहे, आणि खाज आहे तिथेच. आईला डायबेटिस आहे. शेवटी त्या विचारतात, "आता आणखी काय सोडू?"

ताई, आणखी काहीही सोडू नका. सोडलेल्यातलं बरंचसं परत सुरू करा, आणि याच आठवड्यात उपाशीपोटीची शुगर व एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. उतरलेल्या वजनाचं श्रेय तुम्ही पथ्याला देता आहात. माझं लक्ष मात्र तुमच्या पत्रातल्या चार गोष्टींकडे एकत्र जातं: वर्षातून चार वेळा यीस्ट, वाढलेली तहान, उतरलेलं वजन आणि आईचा डायबेटिस. हे चारही एकत्र आले की पहिली तपासणी रक्तातल्या साखरेची, आहाराचं बोलणं त्यानंतर. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर तो डायबेटिस धरतात. एचबीए१सी ५.७ ते ६.४ च्या मध्ये असेल तर उंबरठ्यावर आहात असं समजायचं. तिशीच्या पुढच्या माणसांची शुगर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासतात, त्यासाठी बेळगावपर्यंत यायलाच हवं असं नाही.

साखरेचा आणि या त्रासाचा संबंध नेमका कसा, ते नीट सांगते, कारण पथ्याचे सगळे गोंधळ तिथूनच सुरू होतात. कॅन्डिडा नावाची ही यीस्ट बाहेरून येऊन चिकटते असं बहुतेक वेळा नसतं. काहीही त्रास नसलेल्या शंभरातल्या दहा-वीस बायकांच्या योनीत ती असतेच, आतड्यात आणि तोंडातही असते. योनीतले लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू आम्ल तयार करतात आणि तिला आवर घालतात. रक्तातली साखर सतत चढी राहिली की योनीतल्या स्रावातही साखर वाढते. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून पडायला लागते आणि बाहेरची त्वचाही साखरेने ओलसर राहते. त्यातच शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढण्यात कमी पडतात. यीस्टला हवं ते सगळं तिथे आयतं मिळतं. म्हणजे ताटातला गोड पदार्थ थेट खाली जाऊन यीस्टला पोसतो असं होत नाही. तो रक्तातली साखर किती वर नेतो आणि ती किती वेळ वर राहते, यावर सगळं अवलंबून असतं. ज्या बाईची शुगर व्यवस्थित आहे तिने लग्नात एक मांडा खाल्ला म्हणून तिला यीस्ट होत नाही. जिची शुगर अडीचशे आहे तिने सगळं गोड सोडलं आणि ताटभर भात खाल्ला, तर तिची खाज जाणार नाही.

आता आंबवलेल्याबद्दल. इडली-डोशाचं पीठ रात्रभरात फुगतं ते मुख्यतः दह्यातल्या जंतूंच्या जातीच्या जंतूंमुळे. त्यात काही यीस्टही असते, पण वाफेवर किंवा तव्यावर ती मरते. पावातली यीस्ट वेगळ्याच जातीची, आणि भट्टीतून पाव बाहेर येईपर्यंत तीही जिवंत राहत नाही. अळंबीचं तर या आजाराशी काही देणंघेणं नाही. खात्रीची, ओळखीची अळंबी असेल तर पुढच्या पावसाळ्यात खुशाल खा, मात्र रानातली अनोळखी कधीच नको, ती जिवावर बेतू शकते. आंबवलेलं, बुरशीचं, यीस्टचं सगळं बंद करणारं हे पथ्य १९८० च्या दशकात अमेरिकेत गाजलं आणि आता मोबाईलवरून आपल्या स्वयंपाकघरात येऊन पोचलं आहे. त्याने यीस्टचा त्रास बरा होतो असा भक्कम पुरावा अजूनही नाही. त्याचा तोटा मात्र मी रोज बघते. ज्या घरात बाईच्या ताटात दूध नाही, अंडं नाही, तिथे दही-ताक हाच तिचा प्रथिनांचा आणि कॅल्शियमचा आधार असतो. तोच काढून घेतला की उरतो भात, आमटीचं पाणी आणि लोणचं. यातलं काय शुगर वाढवेल ते तुम्हीच बघा.

इडलीबद्दल एक सांगायला हवं. ती यीस्टमुळे वाईट नाही, पण ती तांदळाची आहे. सकाळी पाच-सहा इडल्या आणि वर गोड चहा घेतला की दोन तासांनी शुगर चढलेलीच सापडेल. दोन-तीन इडल्या, वाटीभर घट्ट सांबार, त्यात डाळ आणि भाज्या भरपूर, हे चालतं.

आणि गूळ. आपला हा सगळा पट्टा उसाचा. निपाणी, संकेश्वर, चिकोडी, गोकाक, सगळीकडे ऊस, कारखाने आणि गुऱ्हाळं. त्यामुळे "साखर वाईट, गूळ औषधी" ही समजूत इथे घट्ट बसलेली आहे. गुळात थोडं लोह आणि खनिजं असतात हे खरं. पण शंभर ग्रॅम गुळात पंच्याऐंशी ग्रॅमच्या आसपास किंवा जास्तच साखर असते, आणि रक्तात गेल्यावर ती कारखान्यातून आली की गुऱ्हाळातून याने शुगरला काही फरक पडत नाही. मधाचंही तेच. तुमच्या चहाचा हिशेब करू. चहाच्या एका लहान चमच्यात चार-पाच ग्रॅम साखर. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप धरले तर तीस-चाळीस ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत हवी, आणि पाच टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. हे पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम. तुमचा नुसता चहाच त्याच्या पुढे जातो. उसाच्या रसाच्या एका मोठ्या ग्लासात तीस ग्रॅमच्या वर साखर असते, मग त्यात आलं-लिंबू घातलेलं असो वा नसो. गोकाकचा करदंट डिंक आणि सुकामेवा घातलेला आहे म्हणून पौष्टिक ठरतो, पण तो गुळात बांधलेला असतो हे विसरून चालत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी सगळ्यात आधी चहावर आणते. एकदम बिनसाखरेचा चहा कुणाला जमत नाही. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जा, महिन्याभरात जीभ सवय करून घेते. चहाबरोबरची खारी, टोस्ट, बटर काढा, त्याऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे घ्या. बेळगावचा गोड कुंदा कायमचा सोडा असं मी कुणाला सांगत नाही. पाहुण्यांसाठी आणलेला कुंदा जेवणानंतर चमचाभर खाल्ला तर बिघडत नाही. रोज दुपारी डबा उघडून उभ्या उभ्या खाल्ला तर बिघडतं.

जेवणाकडे येऊ. खानापूरकडे दोन्ही वेळा भात, तर गोकाक-अथणीकडे ज्वारीची भाकरी. भाकरी चांगली, पण ती मोजायची नसते असा एक गैरसमज आहे. एका मध्यम भाकरीत तीस-चाळीस ग्रॅम पिष्ट असतंच. फरक इतकाच की भाकरी चावून खावी लागते, पोट लवकर भरतं, आणि तिच्यासोबत आपोआप उसळ, पालेभाजी, कांदा येतो. भातावर मात्र पातळ आमटी ओतली की दोन वेळा कधी वाढून घेतला कळत नाही. तुम्ही भात सोडू नका, तुमच्या गावचं ते मुख्य अन्न आहे. एक मोठी वाटी शिजलेला भात, तेवढीच घट्ट उसळ किंवा वरण, आणि त्याहून जास्त भाजी, असं ताट करा. मटकी, कुळीथ, चवळी, अळसंदे, जे घरात असेल ते. कुळथाचं पिठलं घट्ट करा. मासे मिळत असतील तर उत्तम, बांगडा किंवा सुकट, तळलेलं कमी आणि कालवणात जास्त. अंडी रोज एक-दोन चालतात. मेथी, शेपू, अंबाडी, राजगिरा या पालेभाज्यांना आपल्याकडे काही तोटा नाही. शेंगदाण्याची, कारळ्याची, जवसाची चटणी ताटात असावी, फक्त त्यात मुठीने मीठ घालू नका आणि गूळ तर नकोच. आधी भाजी-उसळीचे चार घास, मग भात किंवा भाकरी, हा क्रम ठेवला तर जेवणानंतर शुगर कमी चढते. जेवून लगेच आडवं होण्याऐवजी दहा-पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारल्या तर आणखी फरक पडतो. गावाकडे याला काही खर्च नाही.

इथे एक गोष्ट आहारशास्त्राच्या पुस्तकात नसते, ती मांडते. आपल्याकडे बाई सगळ्यात शेवटी जेवते. घट्ट उसळ नवऱ्याला आणि मुलांना गेलेली असते, तळाला पाणी उरतं. उरलेला भात टाकायचा नाही म्हणून तो ती संपवते. डायबेटिस होण्यासाठी यापेक्षा सरळ वाट नाही. ताई, तुमची उसळीची वाटी आधी बाजूला काढून ठेवा. हे औषधाइतकंच महत्त्वाचं आहे, आणि ते घरातल्या सगळ्यांना सांगून करा, लपवून नको.

उपासाचं वेगळं बघावं लागतं. नवरात्रात आणि श्रावणात माझ्याकडे यीस्टच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या डायबेटिसच्या बायका काय खातात ते विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी रताळ्याचा गोड कीस, संध्याकाळी केळी आणि चार वेळा चहा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपास करायचाच असेल तर राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही, ताक, काकडी, पेरू यांवर करा, आणि वऱ्याचे तांदूळ वाटीभरच घ्या. शुगरच्या गोळ्या सुरू असतील तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक इतकी खाली येते.

दह्याबद्दल लोक दोन टोकाला जातात. एक म्हणतात बंद करा, दुसरे म्हणतात दह्यानेच यीस्ट बरी होते. १९९२ मध्ये एका छोट्या अभ्यासात ठरावीक जंतू असलेलं दही रोज खाणाऱ्या बायकांना त्रास कमी झाल्याचं दिसलं होतं, पण त्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी अभ्यास पुरा केला नाही. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या अभ्यासात अँटिबायोटिक घेणाऱ्या बायकांना लॅक्टोबॅसिलस देऊन बघितलं, त्याने यीस्ट टळली नाही. घरच्या विरजणातले जंतू आणि योनीतले जंतू एकाच जातीचे असतातच असं नाही. तेव्हा दही अन्न म्हणून रोज खा, बिनसाखरेचं. औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका. प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी जंतू भरलेल्या महागड्या कॅप्सूलसाठी पगारातले पैसे घालवू नका, त्याच पैशात महिन्याची अंडी येतात.

आणि हे फार कळकळीने सांगते: दही, लसूण, कडुनिंबाचा पाला, हळद, खोबरेल तेल, व्हिनेगर, यातलं काहीही आत लावू नका, आत ठेवू नका. लसणात यीस्ट मारणारे घटक आहेत हे प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत खरं आहे. तिथल्या नाजूक त्वचेवर लसणाने भाजतं. आमटीत हवा तेवढा घाला.

"अंगात उष्णता वाढली म्हणून पांढरं जातं" हे आपल्याकडची प्रत्येक सासू सांगते, आणि मग पपई, वांगं, अंडी, शेंगदाणे बंद होतात. धण्याचं पाणी, सब्जा, नाचणीचं आंबील प्यायला माझी हरकत नाही, गूळ न घालता प्या. पण उष्णतेच्या नावाखाली अंडी आणि शेंगदाणे काढून घेऊ नका. दोन पाळ्यांच्या मध्यावर थोडं पांढरं, चिकट जाणं हे तर नैसर्गिकच आहे, त्याला पथ्यही नको आणि औषधही नको.

आता मेडिकलमधल्या गोळीबद्दल. प्रत्येक पांढरं जाणं म्हणजे यीस्ट नव्हे. २००२ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात स्वतःच निदान करून यीस्टचं औषध विकत घेतलेल्या बायकांपैकी जेमतेम एक तृतीयांश बायकांना नुसती यीस्ट होती. पातळ, राखाडी आणि माशासारखा वास असेल तर तो जंतूंचा वेगळा त्रास असतो. फेसाळ, पिवळट-हिरवट असेल तर आणखी वेगळा, आणि त्यात नवऱ्यालाही औषध लागतं. लघवीला सारखं जावंसं वाटून जळजळ असेल तर मूत्रमार्गाचा संसर्ग बघावा लागतो. अंगणवाडीत संडासाची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायकांत तो खूप आढळतो. यीस्टसाठी फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एक गोळी किंवा क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या, हा नेहमीचा उपचार. पण वर्षातून तीन-चार वेळा त्रास होत असेल तर एका गोळीने भागत नाही. दर तीन दिवसांनी एक अशा तीन गोळ्या, आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक, असा लांब उपचार करावा लागतो. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा, कारण ही गोळी शुगरच्या काही गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम वाढवते. दिवस गेलेले असतील तर पोटात घ्यायची गोळी नको, आत ठेवायची सात दिवसांची गोळीच घ्यायची.

मेडिकलवाले देतात ते तीन-चार औषधं एकत्र केलेलं मलम मात्र लावू नका. त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग त्वचा पातळ होते आणि बुरशी जास्त पसरते.

ज्यांना आधीच डायबेटिस आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या आता स्वस्त झाल्या आहेत आणि खूप दिल्या जातात. हृदयाला आणि किडनीला त्या चांगल्या आहेत, पण त्यांचं कामच लघवीतून साखर बाहेर टाकणं हे आहे. त्यामुळे यातली गोळी सुरू झाल्यानंतर यीस्टचा त्रास सुरू झाला असेल तर गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना सांगा. दर वेळी लघवीनंतर पाण्याने धुवून कोरडं केल्याने बराच फरक पडतो. पाळी बंद झालेल्या बायकांत यीस्ट सहसा होत नाही, म्हणून साठीच्या आईला किंवा सासूला असा त्रास असेल तर शुगर तपासाच. पुरुषाची पुढची कातडी वारंवार चिरत असेल, लाल होत असेल, तर त्याचीही.

खानापूरच्या पावसाचा एक भाग आहे, तो आहाराचा नाही पण टाळता येत नाही. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे कपडे वाळत नाहीत. दमट चड्डी अंगावर चढवण्याऐवजी चुलीच्या उबेला पूर्ण वाळवा किंवा इस्त्री फिरवा. सुती वापरा. शेतातून भिजून आल्यावर आधी कपडे बदला, मग चहा. आतून साबणाने किंवा डेटॉलने धुवू नका.

तपासणीला कुठे जायचं, तर सरकारी दवाखान्यांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये अशा तक्रारींचं औषध मोफत मिळतं, आणि बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहेच. लाज वाटत असेल तर आशाताईंना सोबत न्या. डॉक्टरांना सांगताना गेल्या वर्षात कोणत्या गोळ्या किती वेळा घेतल्या, सर्दी-तापासाठी अँटिबायोटिक कधी घेतलं, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, हे कागदावर लिहून न्या. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस आत कोणतंही औषध ठेवू नका, म्हणजे स्रावाचा नमुना नीट मिळतो. पाळीचे दिवस सोडून जा, आणि एचबीए१सीसाठी उपाशी राहावं लागत नसलं तरी सकाळी उपाशीपोटीच जा, दोन्ही तपासण्या एकाच फेरीत होतील. रिपोर्टमध्ये शुगर वाढलेली आली तर ती आटोक्यात येईपर्यंत यीस्टची गोळी कितीही घेतली तरी त्रास परत येईल, तेव्हा दोन्हींचा उपचार एकाच वेळी सुरू करायला सांगा. शुगर अगदी बरोबर आली तर स्रावाचं कल्चर (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात ओळखणं) करायला सांगा, कारण कॅन्डिडाच्या काही जातींवर फ्लुकोनॅझोल चालत नाही आणि औषधच बदलावं लागतं.